वाळूतलं अस्वल

समजा, तुमच्यासमोर वाळूचा एक उथळ ट्रे ठेवलाय. तळ निळा, वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं म्हणून. मागच्या फळ्यांवर देव, राक्षस, गायी, पूल, शवपेट्या, सगळं बोटभर उंचीचं. हवं ते उचला आणि मांडा. अर्थ कुणी विचारणार नाही.

न विचारणं हेच रेगुला एशबाखरचं काम. झ्युरिकच्या तळ्याकाठच्या आपल्या खोलीत मनाला घाव बसलेल्यांवर ती असे वाळूचे उपचार करते. "आमच्या घराण्यात गप्प बसायचं शिक्षण घेतलेली ही पहिलीच," असं तिची आई सगळ्यांना ऐटीत सांगते.

बेआट त्सोलिंगर ट्राम चालवायचा. धुक्यात एक म्हातारा आडवा आला. म्हातारा वाचला, पण बेआटला पुन्हा केबिनमध्ये चढवेना. रेगुलाकडे येऊन तो दर वेळी एकच अस्वल उचलायचा, पालथं घालायचा आणि वर वाळू लोटायचा.

रेगुला मनातल्या मनात हरखली. सायबेरियातल्या शमनांच्या कथा तिला पाठ होत्या. आत्म्यांशी बोलणारा वैदू व्हायचं असेल, तर स्वप्नात अस्वल येऊन माणसाला खातं आणि उरलेल्या हाडांतून तो नवा उठतो.

"अगं, मग सांग ना त्याला!" तिची सहकारी उर्सिना म्हणाली. "पुराणकथा स्वतःच्या पायांनी तुझ्या खोलीत आलीय, आणि तू तिला साधी कॉफीही विचारत नाहीस?"

"मी सांगितलं की ते अस्वल माझं होईल. त्याच्याकडे काय उरेल?"

"आणि तो कायमचा घरी बसला तर?"

तरी पुढच्या वेळीही रेगुलाने बेआटपुढे फक्त ट्रे सरकवला.

फेब्रुवारीत एकदा बेआटने अस्वल गाडलं नाही. निळा तळ लागेपर्यंत वाळू उकरली, काठावर अस्वल उभं केलं आणि हसला.

"आमचे वडील बेर्नला अस्वलांची देखभाल करायचे, फ्राऊ एशबाखर. हिवाळ्यात अस्वल झोपून राहिलं की म्हणायचे, हाका मारू नकोस, भूक लागली की उठेल. मला वाटत होतं, मी त्या म्हाताऱ्याला पुरतोय. छे! झोपलो होतो तो मीच."

पुढच्या वेळी तो गणवेशातच आला. "आज डेपोतून बाहेर काढली ट्राम. उशीर झाला म्हणून एका बाईनं झापलंसुद्धा. काय बरं वाटलं!"

शमन हा शब्द त्याच्यापुढे एकदाही काढला नाही, याचा रेगुलाला पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे. फक्त पहिल्या दिवशी त्याने अस्वल हातात घेतलं तेव्हा तिचे डोळे चमकले होते, आणि नेमकं त्याच क्षणी त्याने वर पाहिलं होतं.

"तोंड बंद होतं माझं," ती अजून उर्सिनाला विचारते, "पण चेहरा गप्प होता का गं?"