दाऊद मिस्त्रींची थंड गाडी

पोस्टकार्ड उर्दूत होते. मला ती लिपी येत नाही. माझे सारे शिक्षण पाठशाळेत झाले. निजामी अमदानीत अर्धे आयुष्य काढूनही उजवीकडून डावीकडे वाचण्याची विद्या हाती लागली नाही. शिक्का धाराशिवचा होता, त्या अर्थी कार्ड दाऊद मिस्त्रींच्या घरचे, एवढे उमगले. आंब्यांची पाटी पाठवण्यापूर्वी दर वर्षी ते जावयाकडून असे दोन ओळींचे कार्ड लिहवून घेत. मराठीत का लिहवत नाही, असे एकदा विचारले, तर म्हणाले, "तुम्ही वाचून घ्यायला कुणाकडं तरी जाता न्हवं? तेवढंच दोघांत माझं नाव निघतं." म्हणून मी निश्चिंत होतो. कार्ड पोथीत ठेवले, सायंसंध्या केली, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तेर गावच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेलो. त्यांनी कार्ड वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले... आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, आधी बसा." मिस्त्रींना जाऊन चार दिवस झाले होते.

या गोष्टीला आता सात आठवडे होत आले. दाऊद मिस्त्री हे नाव धाराशिवच्या मोटारवाल्यांना ठाऊक होते, इतरांना असण्याचे कारण नाही. मोडकी यंत्रे दुरुस्त करणारा एक कारागीर, एवढीच त्यांची लौकिक ओळख. आमचा परिचय निजामी राज्याच्या विलीनीकरणानंतरच्या त्या संशयाच्या दिवसांत झाला. माणसे तेव्हा एकमेकांच्या गल्लीतून जाताना पावले मोजून टाकीत. पाठशाळेची घंटा तडकली होती. ती सांधायला मी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती हातात घेण्यापूर्वी हात साबणाने धुतले, वाळवले, मग विचारले, "देवाची हाय का पोरांची?" पोरांची, म्हणजे विद्यार्थ्यांची, असे मी सांगताच ते हसले. "मग जरा कर्कश ठेवतो." त्या दिवसापासून धाराशिवला गेलो की त्यांच्या कडुनिंबाखालच्या बाजेवर घटकाभर बसणे हा माझा नेम झाला.

माझ्या पत्नीला, सौ. सुभद्रेला, पुढे काही वर्षांनी हृदयाचा विकार जडला. चैत्र लागला की तिचा श्वास कोंडे. सोलापूरच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी आणायला सांगितले होते. पण पहिल्याच खेपेस एस.टी.च्या गर्दीत आणि उन्हात ती तुळजापूरला बेशुद्ध पडली. तिथूनच आम्ही परतलो. "तिला आणलेच पाहिजे, आणि उन्हात आणता कामा नये," असे डॉक्टरांचे पत्र आले. वैशाखात तेर ते सोलापूर, आणि ऊन नको! हे पत्र मी मिस्त्रींना वाचून दाखवले ते केवळ मन मोकळे करण्यासाठी.  ते आपल्या जुन्या पिकअपकडे बघत राहिले. लष्कराच्या लिलावातून आलेली ती गाडी तेलाचे डबे वाहून वाहून वाकली होती. अखेर म्हणाले, "आक्कांना हिच्यातनं न्यायचं. पर आधी हिला थंड करावं लागंल."

प्रथम त्यांनी वाळ्याचे पडदे लावून पाहिले. सुगंध सुटला, पण आतली हवा ओलसर झाली, आणि दमट हवेत सुभद्रेचा श्वास अधिकच जड होई. पडदे उतरले. मग ते भंगारात शिरले. मोडीत निघालेल्या लष्करी ट्रकचे रेडिएटर आणले. फिरत्या सिनेमाच्या तंबूतला जळका पंखा आणून त्याची तार नव्याने गुंडाळली आणि तो गाडीच्या बॅटरीवर चालता केला. हिवतापाच्या फवारणीचा एक मोडका हातपंप मिळवला आणि तो आठ दिवस सोड्याच्या पाण्याने धुतला. इंजिन आणि बैठक यांमध्ये पत्रा व गोणपाटाचे थर ठोकले. मागे पत्र्याच्या पेटीत बर्फ. त्याचे पाणी पंपाने रेडिएटरात आणायचे. पंखा त्यातून वारा सोडणार. पाणी फिरून पुन्हा पेटीत जाणार. वारा थंड, पण कोरडा. येणारेजाणारे थट्टा करीत. "मिस्त्री, बर्फाची पालखी निघाली कुठं?" मिस्त्री मान वर न करता उत्तर देत, "तुझ्या सासुरवाडीला. भोई पाहिजेत, येतूस का?"

मी त्यांना सांगितले की आमच्या न्यायशास्त्रात वायूचा स्पर्श मुळात उष्णही नसतो आणि शीतही नसतो. उष्णता तेजाच्या संगतीने येते, शीतलता जलाच्या. त्यांनी पाना खाली ठेवला. "म्हंजी हवा बेकसूर हाय! संगत वाईट." आणि हे वाक्य पुढे कितीतरी दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवीत असत... शास्त्राचे इतके आनंदाने ग्रहण करणारा विद्यार्थी मला पाठशाळेत लाभला नाही.

याच सुमारास एके दिवशी त्यांनी मला सहज विचारल्यासारखे विचारले, "शास्त्रीबुवा, चामड्यातनं आलेलं पाणी तुमच्यात चालतं का?" मी विषयात रंगून गेलो. मोटेचे पाणी शेताला चालते, पखालीचे देवाला व पिण्याला चालत नाही, असे सविस्तर निरूपण केले. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. विचारणाऱ्याचा हेतू जाणल्यावाचून निर्णय देऊ नये, हे गुरुजींनी आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले होते. मी हेतू विचारला नाही. उत्तर चांगले दिले, याचेच समाधान घेऊन घरी आलो.

निघण्याच्या आदल्या दिवशी मिस्त्री स्वतः सोलापूरला जाऊन भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन आले. सकाळी आम्ही निघालो. सुभद्रा मध्ये, मी कडेला, आणि पंपाचा दांडा माझ्या हाती. एक नाम, एक दांडा, असा माझा जप चालला होता. बाहेर झाडे होरपळत होती, आणि आत माझ्या पत्नीच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. धाराशिव मागे पडले, तुळजापूर मागे पडले. सुभद्रा म्हणाली, "अहो, मला पांघरायला काही आणलंय का?" मिस्त्री एवढे हसले की गाडी रस्ता सोडून गेली.

घाट उतरल्यावर दांडा एकाएकी हलका झाला. पायाशी पाणी ठिबकू लागले. पंखा फिरत होता, पण वारा तापत चालला. थोड्याच वेळात सुभद्रेने माझे मनगट घट्ट धरले. तिचे ओठ काळसर दिसू लागले. मिस्त्रींनी एका बाभळीच्या विरळ सावलीत गाडी उभी केली आणि पंप उघडला. आतून भिजलेल्या शेवयांसारखे सूत बाहेर आले... मेणात बुडवलेले सूत. पंपाच्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते, तीच पाणी धरून ढकलते, एवढे मलाही ठाऊक होते.

"मिस्त्री, वाटी कुठे आहे?"

त्यांनी खाली पाहिले. "काढून टाकली. तुम्हीच म्हनलाव न्हवं का, तुमच्यात चालत न्हाय. आक्काच्या अंगावर एखादा थेंब उडाला असता तर..."

 ज्या विद्येचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, तीच माझ्या पत्नीच्या श्वासाआड उभी होती. आणि मित्राने ती माझ्याहून अधिक श्रद्धेने पाळली होती.

सुभद्रेला दम पुरत नव्हता, तरी बोलली. "अहो, ते पाणी मी पिणार आहे का? तुमची वहाण द्या त्यांना."

"शास्त्रीबुवांची वहाण कापू म्या?" मिस्त्री दोन पावले मागे सरले. "न्हाय व्हायचं आक्का."

"दादा, डोक्यावर घ्या म्हणत नाही मी... कापा म्हणतेय."

मी उजव्या पायातली वहाण काढून त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मला थांबवता आले नाही, आणि मग तिच्या तळव्यातून चाकूने एक गोल तुकडा काढला. तो तासून पातळ केला, इंजिनातल्या तेलात मळला, अंगठ्याने दाबून दाबून त्याला वाटीचा आकार आणला. मी तोवर सुभद्रेला पंच्याने वारा घालत होतो. दांडा दाबला तेव्हा तो जड लागला. त्या जडपणाइतके गोड काही माझ्या हाताला आजवर लागलेले नाही. सोलापूर येईपर्यंत मी दांडा सोडला नाही. जपाची गणती कुठे हरवली ते कळले नाही.

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." इस्पितळाचे फरसबंद अंगण तव्यासारखे तापले होते, आणि मी अनवाणी. मिस्त्रींनी आपल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या. मी त्या घालीना, तेव्हा त्या काखेत मारून तेही अनवाणी चालू लागले. मला भिंतीच्या सावलीत ठेवून, स्वतः उन्हाच्या बाजूने.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्या गाडीने सुभद्रेला किती वेळा नेले-आणले, ते मी मोजलेले नाही. ती बरी झाली. गाडी मात्र अखेर भंगारात गेली, आणि मिस्त्री आम्हांला भेटायला तीनच्या एस.टी.ने येऊ लागले. येत, ओसरीवर बसत, सुभद्रेने दिलेले ताक पीत आणि आमच्या रहाटाला, कडीला, नाहीतर दिव्याला काही ना काही रोग झाल्याचे शोधून काढीत.

पोस्टमास्तरांकडून घरी येऊन मी वार्ता सांगितली, तेव्हा सुभद्रा निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून उठली. थोड्या वेळाने म्हणाली, "विवाहित बहिणीला भावाचं सूतक किती?"

मी शास्त्र सांगितले. "पक्षिणी. दीड दिवस. तो काळ उलटून गेल्यावर कळले तर नुसते स्नान पुरे."

"मला पुरत नाही," ती म्हणाली. तिने डोक्यावरून पाणी घेतले आणि तीन दिवस माजघराच्या कोपऱ्यात वेगळी बसली. देवाला शिवली नाही. शेजारच्या काकूंनी कोण गेले म्हणून विचारले, तर म्हणाली, "माझं माहेर." तिच्यापुढे कोणतेही वचन काढावेसे मला वाटले नाही. या खेपेस प्रश्नाचा हेतू मला आधीच कळला होता. चौथ्या दिवशी न्हाऊन तिने देवापाशी दिवा लावला.

मी मात्र... तीनची गाडी आली की हातातले पोथीचे पान तसेच ठेवून उठतो आणि दारापर्यंत जातो. उतरणारी माणसे पांगतात. परवा सुभद्रा मागे येऊन उभी राहिली.  मग हळूच म्हणाली, "अहो, माझं तीन दिवसांत फिटलं. तुमचं किती दिवसांचं?"

शास्त्रातला प्रश्न, आणि मला उत्तर आले नाही. मी पायरीवर बसून राहिलो. गाडी वळली, आणि धूळ उडवीत पुन्हा धाराशिवकडे गेली.