आजोबांच्या ॲम्पमधली तार

दर सोमवारी मी तुमच्या आजोबांच्या गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पवरची धूळ पुसते आणि तो चालू करून बघते. लाल दिवा लागतो. पूर्वी त्यातून एक बारीक गुणगुण यायची, ती आता येत नाही.

काल फोनवर तुम्ही दोघं आजोबांनी वाजवलेल्या गिटारच्या जुन्या कॅसेटवरून भांडलात.

"असा खरखरीत सूर साध्या ॲम्पमधून निघणारच नाही. त्यांनी आत काहीतरी बदललं होतं," सई म्हणाली.

"काही नाही गं, सगळी बोटांची करामत," नील म्हणाला.

मग मोठमोठ्या रॉक गिटारवाल्यांचे दाखले निघाले. शेवटी दोघंही म्हणालात, "आजी, तूच सांग!"

"मला त्यातलं काय कळतंय," असं म्हणून मी सुटले.

मुलांनो, सईचं बरोबर आहे. आजोबा गेल्यावर मी ॲम्प तपासायला दिला. कारागिराने मागची फळी काढून कथलाचा डाग देऊन जोडलेली एक वेडीवाकडी तार दाखवली. "काकू, हे कुणीतरी चुकीचं जोडलंय." मला पसारा खपत नाही. मी म्हटलं, "मग नीट करून द्या."

ती तार कुठून कुठे जात होती, हे मी पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर आजोबांच्या मागून आवरत फिरले. त्यातला कुठला पसारा म्हणजे तेच होते, हे आवरताना कसं ओळखायचं?

आता ॲम्प अगदी स्वच्छ वाजतो म्हणे. आज सोमवार. मी तो पुसला, चालू केला आणि कान लावून बसले.