एका फुटाला पाऊण इंच

बाबा माझ्याकडे अंबरनाथला राहायला आले तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. मोरिवलीच्या घरात त्यांना प्रत्येक उंबरा पाठ होता, पण आई गेल्यावर त्यांना तिथं एकटं ठेवणं शक्य नव्हतं. माझा फ्लॅट पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर. सुरुवातीला ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचे. टेम्पो, पाण्याचा टँकर, रिकामा ट्रक, भरलेला ट्रक. भरलेल्या ट्रकच्या आवाजाला मान वळवायचे.

तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. मोरिवलीला कारखाने आले, आमचं शेत त्यात गेलं. गावातली इतर पोरं कारखान्यांच्या आत कामाला लागली, बाबा तिथला माल घेऊन बाहेर पडले. गाडी मालकाची होती, पण घरात सगळे तिला 'आपली गाडी'च म्हणायचे.

मी पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते. सुट्टीच्या दिवशी ट्रक बनवते. छोटे, टेबलावर मावतील असे. सनबोर्डची केबिन, आइसक्रीमच्या काड्यांचा हौदा, जुन्या छत्रीच्या तारांच्या कड्या. माप एका फुटाला पाऊण इंच, म्हणजे खऱ्या गाडीचा सोळावा हिस्सा. रंगवून, नक्षी काढून, मागच्या फाळक्यावर काहीबाही लिहून मी ते शोकेसमध्ये मांडते. बाबांनी हे फक्त ऐकलं होतं. त्यांच्या लेखी ती खेळणी होती, एकट्या बाईचा विरंगुळा.

एका रविवारी भिंतीच्या आधारानं चालताना त्यांचा हात एका ट्रकवर पडला. मी तो रंग वाळायला बाहेर काढून ठेवला होता, केबिनचा टप अजून बसवायचा होता. ते थांबले. मग दोन्ही हात लावले. बाजारात बैल बघताना माणूस जसा खांद्यापासून शेपटापर्यंत हात फिरवत जातो, तसे ते बंपरपासून मागे मागे गेले. मला म्हणाले, खाली बसव मला आणि हा मांडीवर दे. बराच वेळ ते केबिनमध्ये बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले की स्टेअरिंग फार उभं झालंय, असं धरलं तर कल्याणला पोचेपर्यंत खांदे भरून येतील. मी ते इंटरनेटवरचे फोटो बघून केलं होतं. पुन्हा शोधून पाहिलं तर त्यांचंच बरोबर होतं.

"बाय," ते म्हणाले, "माझी गाडी बनव."

ती मी आजवर का बनवली नव्हती, याला कारण होतं. आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे, दसऱ्याचा. त्यात गाडीचं तोंड झेंडूच्या माळांनी झाकलंय आणि उरलेल्या भागासमोर बाबा उभे आहेत. गाडी तर कधीच भंगारात तोडली गेली. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, फोटो कशाला पाहिजे, मी आहे ना.

त्यांना फूट-इंच सांगता येईनात. स्टेअरिंगपासून काच किती लांब, तर एक वीत चार बोटं. सीट किती उंच, तर गुडघ्याला चार बोटं कमी. शेवटी मी जेवणाच्या टेबलावर त्यांचा हात पसरून ठेवला आणि टेपनं मापला. वीत, चार बोटांची रुंदी, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. त्यांचा हात इतका वेळ मी आयुष्यात कधी धरला नव्हता. म्हातारपणी वीत लहान होते का, हे मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. कागदावर आकडे लिहून घेतले आणि सोळानं भागत बसले.

आरशाला लावायच्या गोंड्यांसाठी आम्ही रिक्षा करून उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनला. तिथं गाड्यांच्या सजावटीचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ. मी छोट्या ट्रकची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं आणि एकेक गोंडा हातात देत गेले. बाबा चोळून बघायचे आणि परत करायचे. "ये नायलॉन है," म्हणायचे. शेवटी आतून एक जुनी रेशमी लड निघाली, ती बाबांनी ठेवून घेतली. ही हिरवी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. लड पिवळी होती. मी पिवळी म्हणाले. ते लड पुन्हा चोळत म्हणाले, मग माझ्या गाडीलाही पिवळीच असेल.

टप बसवायच्या आधी मी उघडी केबिन त्यांच्या हातात दिली, कारण नंतर आत बोट जाणार नव्हतं. ड्रायव्हरची सीट, क्लीनरची सीट, मधलं इंजिनाचं झाकण, गिअरचा दांडा. झाकणाच्या मागे त्यांचं बोट अडलं.

"इथं फळी होती," ते म्हणाले. "तुझी."

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला मे महिन्याच्या सुट्टीत इंदूरला न्यायचं कबूल केलं होतं. आईच्या पिशवीत मी दोन फ्रॉक आणि बिस्किटांचा पुडा भरून ठेवला. सकाळी उठले तर गाडी गेलेली. आई म्हणाली, पुढच्या वेळी. बाबा परत आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि पुढे तो विषय कधीच काढला नाही. मुलीला कोण नेतंय, असं मी धरून चालले. राग असा नव्हता. एक माहिती म्हणून ते चाळीस वर्षं माझ्यापाशी होतं.

आता बाबा सांगत होते की उल्हासनगरच्या एका सुताराकडून त्यांनी ती फळी करून घेतली होती. टेकायला पाठ, पुढे धरायला दांडी, वर शिवलेली गादी. मला गाडीत चढल्यावरच दाखवायची म्हणून घरी कुणाला बोलले नव्हते. निघायच्या आदल्या संध्याकाळी कारखान्यानं माल बदलला. ॲसिडची पिंपं भरली. तसल्या गाडीत पोर घेऊन कसं जायचं?

"मला उठवून सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तू पिशवी उशाशी घेऊन झोपलेलीस. मना नाय जमला."

"मग नंतर?"

"नंतर तू इचारलंच नायस."

फळी गाडीत शेवटपर्यंत राहिली. क्लीनर तिच्यावर डबा आणि पाण्याचा कॅन ठेवायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि उकळून निम्मा होईपर्यंत तिथंच उभी राहिले.

मग मी माप घेतलं. दीड वीत रुंद, एक वीत खोल. आइसक्रीमच्या काडीची केली ती जाड दिसली. खाली एका घरात फर्निचरचं काम चाललं होतं, तिथल्या सुताराकडून पातळ छिलका आणला आणि पुन्हा केली. गादीचा रंग लाल, असं बाबा म्हणाले, पोरींना लाल आवडतो म्हणून. मला लाल कधीच आवडला नाही. लाल केली.

त्यानंतर मला सुचेना दुसरं काही. ऑफिसात ड्रॉइंग समोर असताना मी रस्ता आठवत बसायचे, जो मी पाहिलेलाच नव्हता. घरी येऊन बाबांना विचारायचे, त्या फळीवरून काय दिसलं असतं? आणि ते सांगायचे. कसारा घाटात इंजिन इतकं तापायचं की पाय वर घेऊन बसावं लागायचं. धुळ्याच्या पुढे रस्ता सरळ, तिथं तू कंटाळली असतीस. शिरपूरच्या अलीकडे तापी. मग सेंधव्याचा घाट, आणि खलघाटला नर्मदा. नर्मदेवर तुला उठवलं असतं, म्हणाले.

मी कारनं इंदूरला जायचं बोलून पाहिलं. त्यांचे गुडघे तासभरसुद्धा वाकलेले राहत नाहीत. डॉक्टर नको म्हणाले, आणि बाबाही म्हणाले की आता रस्ता बदललाय, मला कुठं काय कळणार.

ट्रक आता त्यांच्या पलंगाशेजारी असतो. दुपारी ते तो मांडीवर घेतात. ड्रायव्हरच्या दरवाज्याचा रंग अंगठ्यानं घासून गेलाय. मी ब्रश घेऊन बसले तर म्हणाले राहू दे, खऱ्या गाडीचाही तिथलाच जायचा, कोपर ठेवून.

गेल्या रविवारी मी टेबलावर नवीन चाकं कापत होते. त्यांनी अचानक विचारलं, "पुलावर उठवलं असतं तर उठली असतीस?"

"उठले असते," मी म्हटलं.

"नाय," ते म्हणाले. "तुझी झोप लई गाढ." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण मी गाडी थांबवली असती."