हिरवी पिन

“पोरगी असावी तर अशी! बरोब्बर हेरलं तिने,” बाबा फोनवर आईला सांगत होते. ती पोरगी मी नव्हते. इथे परदेशात, यिशुन भागातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये काम शिकायला आलेली पुण्याची मुलगी होती. ट्रकच्या इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल गेल्याचं तिने लॅपटॉप जोडून शोधलं होतं. ती “काका, हे बघा ना” म्हणत मराठीत अखंड बोलायची, आणि मी मात्र बाबांना इथल्या बोलीतल्या ‘ओके लाह’च्या पुढे उत्तर देत नसे. ती नवं मॉड्यूल बसवायला निघाली, तेव्हा जुन्याच सॉकेटमधली एक पिन मला हिरवी दिसली. मी गप्प राहिले तर नवंही बिघडेल आणि तिचं कौतुक थांबेल, या विचाराने मला बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते. पण मग पितळेच्या भांड्यात हिरवट होऊन बिघडलेल्या ताकाला आई म्हणते तो शब्द कसाबसा आठवून मी म्हणाले, “बाबा, थांबा. ती पिन कळकलीय.”