कांडपाचे पस्तीस हजार

सारंगखेड्यापासून तापीच्या काठाकाठाने गेलं की पाच-सहा किलोमीटरवर एक गाव लागतं. तिथे जसोदाबाईंनी सोळा वर्षं मिरची कांडायचं मशीन चालवलं. नवरा गेल्यावर त्यांनी ते घेतलं, आणि त्याच्याच जोरावर मुलाला, धर्मेंद्रला, डिप्लोमापर्यंत शिकवलं. तो आता सुरतेला नोकरीला आहे. पण तिखटाच्या धुळीने जसोदाबाईंची छाती धरली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मशीन ठेवा किंवा श्वास ठेवा.

मग शेजारच्या योगेंद्रने मशीन मागितलं. दोन्ही घरांची भिंत एकच. तो लहान असताना जसोदाबाईंच्याच ओट्यावर खेळलेला, बोलायला गोड आणि पाया पडायला सगळ्यांच्या पुढे. मोटारीसकट पंचावन्न हजार ठरले. वीस त्याने लगेच दिले.

"बाकीना दिवाळीपर्यंत देसू काकू. तू काय परकी शे?"

कागद नाही, साक्षीदार नाही. एका भिंतीच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं, असं जसोदाबाईंना वाटलं. मशीन त्याच दिवशी योगेंद्रच्या पडवीत गेलं आणि त्याची बायको हेमांगी ते चालवायला लागली.

दिवाळी आली तशी गेली. जसोदाबाई विचारायला गेल्या की योगेंद्र आधी वाकून नमस्कार करायचा, मग चहा ठेवायला सांगायचा. चहा पोटात गेल्यावर कडक बोलणं जड जायचं. "येत्या बाजारले देस," हे त्याचं ठरलेलं उत्तर. असे सात बाजार झाले. एकदा त्याने पैशांऐवजी केळीचा घड पाठवला, एकदा पोतंभर मका. केळी पिकून काळी पडली, जसोदाबाईंनी ती गाईला घातली.

धर्मेंद्रला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना आई. मी पाठवतो पस्तीस हजार."

"तू काब्र पाठवशी? मशीन तू लिन्हं का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांना योगेंद्रपेक्षा मुलाचाच राग जास्त आला.

गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष हिंमतराव. त्यांच्याकडे गेल्या, तर त्यांनी चष्मा पुसत एकच प्रश्न केला, "लिखी लिन्हं व्हतं का काही?" नव्हतं. हिंमतरावांनी योगेंद्रला बोलावून चार शब्द सांगितले. योगेंद्रने सगळं ऐकून घेतलं, सगळं कबूल केलं आणि पुढच्या बाजाराचा वायदा दिला. कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? नाही म्हणाला असता तर निदान आवाज चढवता आला असता.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली, आणि तिसऱ्या दिवशी योगेंद्र घोडी घेऊन घरी आला.

पांढरी, उंच, गळ्यात लाल गोंडे. त्याने ती जसोदाबाईंच्या न्हाणीघराच्या भिंतीलगतच बांधली. सगळी गल्ली बघायला लोटली. जसोदाबाई ओट्यावरून बघत राहिल्या. गर्दी पांगल्यावर खाली उतरल्या.

"केवढाले लिन्ही?"

"साठ हजारमा तुटनी काकू. स्वस्तच शे. लगीनसराईम्हा नवरदेव बठी, पैसा कमाडी. तुन्हा पैसा तिन्हाच कमाईम्हाईन निघतीन."

"म्हंजे मन्हा पैसा तू घोडीवर बसाड्या."

तो हसला. खरंच हसला, जणू काकूंनी गंमत केली होती. त्यानंतर रोज लिदीचा वास, माश्या आणि पहाटेचं खिंकाळणं जसोदाबाईंच्या वाट्याला आलं. लग्नाच्या सुपाऱ्या दोनच मिळाल्या. दुसऱ्या वरातीत बँड सुरू होताच घोडी मागे फिरली. नवरदेवाला पायी जावं लागलं.

महाशिवरात्रीनंतर मिरचीचा हंगाम चढला. वर्षाचं तिखट करायला बायका पोती घेऊन योगेंद्रच्या पडवीत रांगा लावू लागल्या. आपलं मशीन धडधडताना जसोदाबाईंना भिंतीतून ऐकू यायचं. आवाजावरून त्यांना कळायचं की आज वीस किलो झालं, आज तीस. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, ओला पंचा नाकातोंडाला बांधला आणि योगेंद्रच्या पडवीत मशीनशेजारी जाऊन बसल्या.

हेमांगी गोंधळली. "काकू, आठे धूळ शे. तुले सोसावणार नही."

"माले ठाऊक शे. तू मशीन चालाव. पैसा मन्हा हातमा येतीन."

बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. सोळा वर्षं त्यांनी याच हातात पैसे दिले होते. किलोचे चाळीस त्या सवयीने जसोदाबाईंपुढे धरू लागल्या.

योगेंद्र शेतातून आला आणि दारातच थबकला. "काकू, हाई काय? लोके काय म्हनतीन?"

"जे म्हनतीन ते मी ऐकसू."

"आनि लाईटबिल कोन भरी?"

हे मात्र बरोबर होतं. जसोदाबाईंनी थोडा विचार केला. किलोमागे दहा रुपये त्यांनी हेमांगीच्या डब्यात टाकायचे ठरवले, तीस आपल्याकडे. योगेंद्रला हेही पटलं नाही. त्या आठवड्यात त्याने दोनदा मेन स्विच पाडला.

"लाईट गयी काकू. आते संध्याकाळलेच यी."

रांगेतल्या फुलवंताबाई समोरच्याच घरच्या. त्या म्हणाल्या, "मन्हा घरमा ते पंखा चालू शे."

हेमांगी मशीनवरून उठली, आत गेली आणि स्विच वर केला. परत येऊन ती नवऱ्याकडे न बघता मिरची ओतायला लागली. पुढे एकदा दोघीच असताना ती म्हणाली की घोडी घेताना मला विचारलंसुद्धा नाही. जसोदाबाईंनी हातातले दहा रुपये तिच्या डब्यात टाकले.

एक्केचाळीस दिवस त्या रोज बसल्या. रोज संध्याकाळी छाती शिट्टी वाजवायची. उशी उंच करून बसल्या बसल्या झोप घ्यावी लागायची. आपल्याच पैशासाठी आपलाच दम घालवतो आहोत याचा त्यांना संताप यायचा. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी पस्तीस हजार भरले. त्या उठल्या, खुर्ची उचलली आणि म्हणाल्या, "हेमांगी, फिटना." पुढच्या आठवड्यात नंदुरबारला गेल्या. डॉक्टर खूप बोलले. औषधांना आणि तपासण्यांना साडेचार हजार लागले. ते कोणाकडे मागायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नाही.

योगेंद्र काही दिवस रस्ता बदलून जात होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तो हेमांगीला घेऊन सकाळीच दारात आला आणि नेहमीसारखा पायावर वाकला. सणाच्या दिवशी आलेल्याला उपाशी पाठवता येत नाही. जसोदाबाईंनी पाट मांडले, मांडे वाढले, आमरस वाढला. वाढताना त्यांना स्वतःचीच चीड येत होती.

दुसरी वाटी संपवून योगेंद्रने मिशा पुसल्या.

"काकू, तुन्ही मांगली पडवी रिकामीच शे ना? पाऊसपानीम्हा घोडी भिजी ते बरं नही. महिनाना महिना भाडं देसू."

हेमांगीने ताटात मान घातली. जसोदाबाईंनी त्याची रिकामी वाटी उचलली.

"आजून मांडा लेशी का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच त्या आत गेल्या.