आजोबांच्या तीन बायका

आता हे सगळं मला नीट आठवतंय का, याचीच मला शंका आहे. वार रविवार असावा. पण मी माती खाल्ली हे नक्की. त्याला साक्षीदार आहेत!

झालं असं. निवृत्तीनंतर मनात आलं, आपल्या बोरिवलीच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो हवा. मी त्यांना पाहिलेलंच नाही, आजीलाही नाही. वडिलांच्या ट्रंकेत तीन फोटो मिळाले. तिन्हींत तोच काळा कोट, तीच घड्याळाची साखळी, तशीच मिशी. चेहरे विटलेले. शेजारच्या खुर्चीत बाई मात्र दरवेळी वेगळी!

तुम्ही काय निष्कर्ष काढला असता? मी तर संख्याशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. काढला! आजोबा गिरणीत कामाला, आणि लग्नं तीन!

आठवडाभर धीर गोळा करून मुलुंडला आतेकडे गेलो. आजोबांची हयात असलेली एकमेव लेक, नव्वदीची.

"आते, रागावू नकोस हं. तुला... म्हणजे... सावत्र आया किती?"

चहा बशीत सांडला.

"माझ्या बापाशीक तीन बायलो? शिरा पडो तुझ्या शिक्षणार! माझ्या आयेच्या जागेर कोणाक बसवतंस रे?"

तिचा मुलगा दिलीप आतून धावत आला. "दादा, नव्वदीत आईला सावत्र आई? झकास!"

मी तोंड उघडेपर्यंत पठ्ठ्यानं घराण्याच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. लगेच दहिसरच्या चुलतभावाचा फोन: "दादा, आपण नक्की कुठल्या आजीचे रे?"

माझी पार वाट लागली. आतेनं चष्मा लावला, फोटो पाहिले. वाटलं, आता रडणार. तर ही खो खो हसायला लागली!

"मेल्या, ह्यो कोट स्टुडिओतलो! खुंटयेर टांगलेलो असायचो. साखळी पण तेंचीच. आख्ख्या चाळीन ह्योच घालून फोटो काढले."

"आणि मिशी?"

"ती तेवढी ज्याची त्याची!"

एक आजोबा, बाकी दोघे शेजारी; चाळीत फोटोच्या प्रती एकमेकांना द्यायची पद्धत. आतेनं बोट दाखवून कोण कुठला ते सांगितलं, मी तिथल्या तिथे मागे पेन्सिलीनं नावं लिहिली. वर तिनं माफीचे दोन लाडूही दिले. घरी येऊन आजोबा फ्रेम करून लावले. आते जिना उतरत नाही, त्यामुळे तिनं काही ते पाहिले नाहीत.

चार वर्षांनी दिलीपला आजोबांचा गिरणीचा पास सापडला. फोटोसकट. तो घेऊन मी घरचे तिन्ही फोटो ताडून पाहिले. घाबरत घाबरत लिहिताना मी नावांची अदलाबदल केली होती!

आमच्या हॉलमधले गृहस्थ चाळीतले वरच्या मजल्यावरचे पेडणेकर. चार वर्षं दर सर्वपित्रीला मी त्यांना नमस्कार करून गच्चीत खीर-वड्यांचं पान ठेवत होतो. आणि दरवर्षी कावळा लगेच शिवत होता!