नवी सिस्टीम आणि निमंत्रकांचा क्रम

दि. १४ ऑक्टोबर, मंगळवार. स्थळ : माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान, मोहाडी.
हजर : मी. तुमसरहून आलेले संगणकाचे मिस्त्री. जवळच्याच एका गावची बाई, धाकट्या लेकीच्या पत्रिकेसाठी. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.
गैरहजर : वीज, अकरा ते साडेअकरा.

अशी हजेरी मी रोज लिहिते. एकवीस वर्षांपूर्वी दुकान उघडलं त्या दिवसापासूनच्या वह्या माझ्याकडे आहेत. कोण आलं, काय काम, कधी द्यायचं. काम झालं की खूण. घरचे हसतात, पण भाजीपासून विम्यापर्यंत घरातला कोणताही कागद शोधायचा असला की मलाच हाक मारतात.

तहसीलचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं हे दुकानाचं रोजचं काम. माझा जीव मात्र पत्रिकांमध्ये आहे. छापतो तुमसरचा छापखाना, मजकूर माझा. लोकांना वाटतं, पत्रिकेत वर-वधूचा मजकूर महत्त्वाचा. ती तर दोनच नावं. खरी कसोटी खाली, निमंत्रकांत. आधी थोरला, मग त्याच्या पाठचा, त्यानंतर चुलत, मग पुतणे, जावई. मामांची बाजू वेगळी. एक नाव खालीवर झालं की तो माणूस मांडवात येत नाही, आणि आला तर जेवत नाही. लोक मात्र हात हलवत येतात आणि म्हणतात, मागच्यासारखंच टाका. म्हणून मी प्रत्येक घराची यादी ठेवली. गाव, आडनाव, घर. तेरवीचे कागदही माझ्याकडेच टाइप होतात, त्यामुळे कोणत्या नावापुढे कै. लावायचं हेही मला वेळेवर कळतं. आमच्या भागात कोण कोणापेक्षा थोरला हे त्या घरांना एखाद वेळी आठवणार नाही, माझ्या संगणकाला आठवतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

या वर्षी त्या संगणकाच्या कोपऱ्यात रोज सूचना यायला लागली की तुमची सिस्टीम आता जुनी झाली, नवी घ्या, अमुक तारखेनंतर आम्ही तिच्याकडे पाहणार नाही. मी रोज ती बंद करत असे. चांगल्या चालत्या वस्तूला जुनी म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय बारा-तेरा वर्षांमागे एकदा सिस्टीम बदलली होती तेव्हा मराठीच्या जागी नुसते चौकोन आले होते, आणि एका नवरदेवाची पत्रिका मला तीन दिवसांत पुन्हा हाताने टाइप करावी लागली होती.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. ते आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. वयाने माझ्याएवढेच. फूलस्केपवर मी अकरा शंका लिहून ठेवल्या होत्या, त्या क्रमाने वाचल्या. जुना फाँट चालेल का. प्रिंटर ओळखेल का. बटणांच्या जागा कोणी आणि कोणाला विचारून बदलल्या. ते प्रत्येकीला उत्तर देत गेले. सातवी शंका अशी होती की सगळं नीट चालतं, मग बदलायचं काहून?

ते म्हणाले, “ताई, नीट चालून राहिलं म्हणूनच आज बदला. बिघडल्यावर मले बोलावता, तवा वाचवायले काही उरत नाही.”

मी सातवीपुढे खूण केली. दहाव्या शंकेला त्यांनी वर बोट दाखवलं आणि हा प्रश्न देवाले विचारा म्हणाले. अकरावी शंका माझ्या याद्यांची होती. जुन्या फाँटातली नावं नव्या अक्षरांत आणता येतात, त्याचा प्रोग्राम आहे, असं त्यांनी सांगितलं आणि करूनही दाखवलं. संगणकाच्या जुन्या डब्यावर नवी सिस्टीम बसत नव्हती, म्हणून नवा डबा आला. जुना टेबलाखाली गेला. दोन आठवड्यांनी मिस्त्री येणार, जुन्या डब्याची डिस्क कोरी करणार आणि तो बदल्यात घेऊन जाणार असं ठरलं.

ते दोन आठवडे मी याद्या उतरवून घेतल्या. आधी जवळच्या गावांची त्रेचाळीस घरं. अक्षरं बदलताना काही नावं दोनदा येत होती. ती शोधायला मी प्रत्येक यादी तक्त्यात टाकली, अकारविल्हे लावली, दुहेरी नावं काढली, जुन्या यादीतली नावं आणि नव्या यादीतली नावं मोजून पाहिली. संख्या जुळली की खूण. त्रेचाळीस खुणा झाल्या तेव्हा मी स्वतःला चहा करून घेतला, दुधाचा, आलं घालून.

काल, मंगळवारी, मिस्त्री जुना डबा नेण्यासाठी आले, त्याच वेळी ती बाई आणि तिचे भासरे आले, आणि वीज गेली.

बाई आत स्टुलावर बसली. भासरे बाहेरच्या बाकावर. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. आता हे कोणी फारसं पाळत नाही, हे दोघं पाळतात. दोघांमध्ये दाराचा उंबरा होता आणि मी होते.

अंधारलेल्या दुकानात ती हळू आवाजात सांगत गेली. दोघा भावांत एका बांधीच्या पाण्यावरून तंटा झाला होता. शेत केवढं, तर धानाचं एक वाफ्याएवढं खाचर. बोलणं बंद झालं ते वर्षानुवर्षं. आठ वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या लग्नाची पत्रिका भासऱ्यांकडे गेली ती न उघडता परत आली. दोन वर्षांमागे तिचा नवरा गेला. आता धाकटीचं लग्न, आणि कन्यादानाला बसायला घरात माणूस नाही. तिने जावेच्या हाताने निरोप पाठवला. भासरे हो म्हणाले. अट एकच घातली, छापण्याआधी पत्रिका मी डोळ्यांनी पाहीन.

“त्याईनं नाही म्हटलं तर माह्या पोरीच्या मांडवात परक्याले बसवा लागते,” ती म्हणाली. “सांभाळून घ्या, ताई.”

मी तिला निर्धास्त राहायला सांगितलं. थोरल्या लेकीच्या वेळी तिचा नवरा याच दुकानात बसून सगळी नावं सांगून गेला होता आणि ती यादी माझ्याकडे आहे, हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. बाकावर ऐकू जावं म्हणून.

वीज आली. नवा डबा डोळ्याचं पातं लवण्याआधी सुरू झाला. भासरे दारात येऊन उभे राहिले. मिस्त्री तोवर जुना डबा गोणपाटात गुंडाळून आपल्या मोटरसायकलच्या मागे बांधत होते. डिस्क दुकानी नेऊन कोरी करतो म्हणाले होते. मी त्यांच्या घराची यादी उघडली आणि निमंत्रकांची नावं ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव एका पुतण्याचं निघालं, ज्याला मी बारावीचा फॉर्म भरून दिला होता. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण लिहिलेलं आहे म्हणजे बरोबर आहे, ही माझी जुनी खोड. वाचत गेले.

“माहं कितव्या नंबरवर हाये?” भासऱ्यांनी विचारलं.

“सातव्या.”

“आन् ही यादी त्यानं सांगतली होती?”

मी हो म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. “मंग बरोबर हाये,” ते म्हणाले. “त्याच्या मनात मी सातवाच होतो.” आणि रस्त्याकडे वळले. आवाज चढवला नाही. बाई स्टुलावरून उठली आणि तशीच उभी राहिली, कारण हाक मारायची तिला सोय नव्हती.

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे, की मी सांगत होते, या नव्या सिस्टीमनं घात केला. मिस्त्री दोरीची गाठ मारून आत आले, पडद्याकडे वाकून पाहिलं, आणि नावांची पहिली अक्षरं बोटाने खालपर्यंत दाखवत नेली. अ, ग, द, न.

“सिस्टीम कायले नावं खालीवर करते, ताई? सॉर्ट कोणं मारला?”

दुकानात मी एकटीच काम करते. संख्या मोजली होती, क्रम पाहिला नव्हता. त्रेचाळीस घरांचे थोरले मी माझ्या हाताने आद्याक्षरावर बसवले होते आणि वर खुणा केल्या होत्या. एकवीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची वेळ माझ्यावर क्वचित आली आहे. काल मी ती रस्त्यावर, पायात चप्पल न घालता, चार माणसांच्या देखत केली. भासऱ्यांना म्हणाले, “थांबा. तुमच्या भावाचं काही चुकलं नाही. क्रम मी बिघडवला. त्याचा क्रम या डब्यात आहे, तो पाहून मग जा.”

ते थांबले. मिस्त्रींनी बांधलेली दोरी सोडली, गोणपाट काढलं, आणि जुना डबा आत आणून टेबलावर जोडला. जुनी सिस्टीम सुरू व्हायला चार मिनिटं घेते. या चार मिनिटांवरून त्यांनी मला पहिल्याच भेटीत चिडवलं होतं. काल तेही पडद्याकडे पाहत उभे राहिले.

फाइल उघडली. आठ वर्षांपूर्वीची, जुन्या फाँटातली, जशी ठेवली तशी. भासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला आणि बोट पडद्याला टेकवलं. पहिलं नाव त्यांचं होतं. दुसरं त्यांच्या भावाचं.

मग मला ते सगळं आठवलं आणि मी सांगितलं. तेव्हा त्याला मी विचारलं होतं की ते लग्नाला येणार नाहीत म्हणता, बोलणंही नाही, तरी नाव वर ठेवायचं का? आणि तो माणूस इथेच, त्याच स्टुलावर बसून म्हणाला होता, “भांडण बांधीचं हाये, ताई. पह्यलं नाव त त्याचंच ना.”

भासऱ्यांनी त्या दोन ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाले, “एक कागद काढून द्या याचा.”

मिस्त्रींनी प्रिंटरची तार इकडून तिकडे लावली. कागद निघाला. भासऱ्यांनी तो घडी न घालता पिशवीत आडवा ठेवला. मग दाराच्या कडेला उभं राहून माझ्याकडे पाहत म्हणाले, “तिले सांगा, ह्या टायमाले त्याचं नाव माह्या वर टाकाचं.”

बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. पदर सारखा करून ती मला म्हणाली, “त्याईले सांगा, हा क्रम ज्यानं ठेवला तो गेला. मी नाही बदलत.”

“तिले सांगा, मी थोरला हावो. मी म्हणतो तसं होईन.”

“त्याईले सांगा, थोरले हायेत म्हणूनच वर हायेत.”

मी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाले, “ताई, तुमची लाइन बिझी हाये.” भासरे हसले. बाई पदराआड हसली. पण दोघांपैकी कोणी मागे हटलं नाही. कन्यादानाला बसण्याचं मात्र भासऱ्यांनी जाता जाता पक्कं केलं, तेही मलाच सांगून. नावाचं काय ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवू म्हणाले आणि दोघं निघाली. ते मोटरसायकलवर, ती ऑटोने.

जुना डबा मी मिस्त्रींना नेऊ दिला नाही. बदल्याचं ठरलं होतं, ते नाराज झाले, पण याद्या पुऱ्या होईपर्यंत ठेवा म्हणाले. आता दोन्ही डबे शेजारी चालतात. नवी सिस्टीम वाईट नाही. चटकन उठते, कागद पटापट देते, आणि तिच्यावर माझा अजून अर्धाच विश्वास आहे. उरलेला अर्धा अविश्वास मी आता माझ्या खुणांवर वळवला आहे. वहीत रकाना वाढवला : संख्या, आणि त्याच्या शेजारी क्रम. दोन्ही खुणा झाल्याशिवाय घर पुढे सरकत नाही. जुन्यावरून वाचायचं, नव्यावर लावायचं. दोन दिवसांत सोळा घरांचे थोरले मी आपापल्या जागी परत नेले. मोठा दावा नाही, पण हे काम या रस्त्यावर दुसरं कोणी करू शकणार नाही.

आज बुधवार, संध्याकाळचे सात. एकमताचा निरोप आलेला नाही. दुपारी भासऱ्यांचा फोन आला होता, त्यांचं म्हणणं तेच. तासाभराने बाईचा आला, तिचंही तेच. उद्या अकरापर्यंत मजकूर तुमसरला गेला पाहिजे. वर-वधू, तिथी, स्थळ, मामांची बाजू, सगळं तपासून झालं आहे. निमंत्रकांत तिसऱ्या नावापासून खालचा क्रम लागला आहे. वरच्या दोन ओळी अजून रिकाम्या आहेत.